अंगठी घ्या, पण आपल्या बोटाच्या मापाची



गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज यांवर नेहमीच बोलतो. आज आपल्या हातातल्या अंगठीवर बोलू या. ऐकता ऐकता एक काम करा. बोटात अंगठी असेल तर ती काढून बघा. साबण नाही, तेल नाही, नुसती काढून बघा. निघाली का?

बैठकीत आम्ही हे करायला सांगतो, तेव्हा तीन तऱ्हा दिसतात. काही जणींची अंगठी सहज निघते. काहींच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला असतो, कारण ती मुळातच सैल. आणि काही जणी म्हणतात, "ताई, लग्नापासून निघालीच नाही." तिथे बोटाला खोल वळ पडलेला असतो आणि कातडी पांढरी पडलेली असते.

असं का होतं? साखरपुड्याची अंगठी बहुतेक वेळा अंदाजाने येते. "आमच्या धाकटीच्या बोटाएवढंच असेल," असं म्हणून कुणीतरी माप देतं. जिच्या बोटात ती जायची, तिला कुणी विचारत नाही. पुढे बाळंतपणं होतात, वय वाढतं, कामाने बोटांची पेरं जाड होतात. अंगठी मात्र तेवढीच राहते. आता गटातल्या बऱ्याच जणी स्वतःच्या पैशाने सोनं घेऊ लागल्या आहेत. मग माप तरी स्वतःचं असू द्या.

माप कधी घ्यायचं? बोट दिवसभर सारखं नसतं. उन्हात किंवा चुलीपुढे काम केल्यावर ते फुगतं, थंडीत सकाळी बारीक होतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत सकाळी माप देऊ नका आणि रानातून आल्या आल्याही देऊ नका. संध्याकाळी, हात नेहमीसारखा असताना द्या. दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलंत तर आणखी चांगलं. ज्या बोटात घालायची त्याच बोटाचं माप घ्या. कामाचा हात थोडा जाड असतो, त्यामुळे डाव्या हाताचं माप उजव्याला चालेलच असं नाही.

सोनाराकडे मापाच्या कड्यांचा जुडगा असतो. त्यातली कडी पेरावरून जाताना थोडी अडली पाहिजे, पण ढकलल्यावर गेली पाहिजे. घातल्यावर हात खाली करून झटका. पडली तर सैल. मग स्वतःच काढून बघा. थोडं फिरवून निघाली तर माप बरोबर. ओढावी लागली, कातडी गोळा झाली, तर एक माप मोठं घ्या. ज्यांचं पेर जाड आणि बोटाचं मूळ बारीक, त्यांनी पेराचं माप धरावं. अंगठी बोटात थोडी फिरेल, पण निघेल तरी.

घरी माप घ्यायचं तर दोरा नको, तो ताणला जातो. कागदाची बारीक पट्टी पेराभोवती गुंडाळा, जिथे टोक येईल तिथे खूण करा आणि मुलांच्या पट्टीवर मोजा. ५५ मिलिमीटर आलं तर त्याला ३.१४ ने भागायचं, म्हणजे अंगठीची आतली रुंदी साधारण साडेसतरा मिलिमीटर. हा आकडा सोनाराला सांगा, पण शेवटची खात्री कडी घालूनच करा.

आता घडण. रोज घालायला बिनखड्याची साधी वेढणी सगळ्यात सोयीची. खड्याच्या कोंदणात पीठ बसतं, साबण बसतो आणि त्याचे आकडे पदराला अडकतात. वेढणी घेताना आतल्या कडेवरून बोट फिरवा. कड गोल केलेली असेल तर टोचत नाही आणि काढायलाही सोपी जाते. पट्टी रुंद असेल तर तेच माप घट्ट वाटतं, म्हणून रुंद पट्टीला थोडं मोठं माप लागतं. घातल्यावर मूठ मिटा, विळा धरल्यासारखं करा, भाकरी थापल्यासारखं करा. शेजारच्या बोटाला रुतत असेल तर ती अंगठी दुकानातच ठेवा.

फार पातळ पट्टी घेऊ नका. बावीस कॅरेट सोनं मऊ असतं. पातळ वेढणी घागर उचलताना दबते, वाकडी होते आणि मग टोचते. पोकळ अंगठी मोठी दिसते, पण चेपली की तिची दुरुस्ती अवघड. आणखी एक विचारून घ्या, "पुढे माप वाढवता येईल का?" साधी वेढणी सोनार कापून, तुकडा घालून, डाग देऊन मोठी करतो. सगळीकडून नक्षी किंवा खडे असले तर ते जमत नाही.

सोनं घेताना हॉलमार्क बघा. त्यात तीन खुणा असतात. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, आणि अक्षरं व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक लागतोच. बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तो टाकून तपासता येतो. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी तेवढीच हलकी अंगठी घेतात. तेव्हा वजन, कॅरेट, घडणावळ आणि खडा असेल तर त्याचं वेगळं वजन, हे सगळं पक्क्या बिलावर लिहून घ्या. उद्या मोड द्यायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगठी कधी काढायची?

कडबा कुट्टी, मळणी यंत्र, शेवयाचं यंत्र, पिठाची गिरणी, कुठल्याही फिरत्या यंत्राजवळ जाण्याआधी अंगठी काढा. ट्रॉलीतून उडी मारताना ती कशात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, बोट तुटूही शकतं. पीठ मळताना काढा. धुणीभांडी झाली की बोट अंगठीखाली पुसून कोरडं करा. तिथे ओल राहिली की खाज आणि चट्टे येतात. काढलेली अंगठी पदराच्या गाठीत नको, ठरलेल्या एकाच डबीत ठेवा.

गरोदरपणी पायांना, हातांना थोडी सूज येते. सातव्या महिन्याची वाट न बघता अंगठी आधीच काढून ठेवा. आणि अंगठी अचानक घट्ट झाली, तोंड सुजलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी आशाताईंना सांगा, दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घ्या.

हाताला मार लागला, मधमाशी चावली, भाजलं, तर सूज चढायच्या आधी अंगठी आणि बांगड्या काढा. साप चावला तरी हेच. अंगठी, बांगड्या, पायाला चावला असेल तर जोडवी आणि पैंजण लगेच काढा. आवळून दोरी बांधू नका, ब्लेडने चिरू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या.

एरवी अडकलेली अंगठी कशी काढायची? हात पाच मिनिटं वर धरा, थंड पाण्यात बुडवा, मग साबण किंवा खोबरेल लावून फिरवत फिरवत काढा, ओढू नका. बोट निळं पडलं, बधिर झालं, तर घरी खटपट करत बसू नका. दवाखान्यात अंगठी कापायचं साधन असतं. कापलेली अंगठी सोनार पुन्हा जोडून देतो.

काही जणींना वाटतं, सौभाग्याचं लेणं काढायचं कसं? सासूबाई काय म्हणतील? ज्यांना तसं वाटतं त्यांनी काढलेली अंगठी देव्हाऱ्यात ठेवावी आणि काम झालं की हात धुऊन पुन्हा घालावी. आणि सासूबाईंनाही सांगा, "आई, तुमची पण काढून बघा बरं." त्यांचं बोट तर आपल्यापेक्षा जास्त वर्षं त्यात अडकलेलं असतं.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांची अंगठी निघत नाही त्यांनी तशीच घालून या. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी मिळून सोनाराकडे जाऊ. चौघी बरोबर असल्या की माप वाढवायची मजुरी विचारायलाही धीर येतो. ज्यांच्या घरात यंदा साखरपुडा आहे, त्यांनी सोनं घ्यायला जाताना मुलीला बरोबर न्या. नेता आलं नाही तर तिच्या हाताने कापलेली कागदाची पट्टी तरी मागवून घ्या.