कोचीचे आठ तास

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागच्या महिन्यात कट्ट्यावर मधुमेहाचं व्याख्यान झालं. तेव्हा यावेळी जरा गोड विषय असू द्या, असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि माझं नाव त्यांनीच परस्पर फलकावर लिहून टाकलं. विषय तसा लहान आहे. समुद्रसहलीत जहाज एखाद्या बंदरात दिवसभर थांबतं, तेव्हा जहाजवाल्यांच्या बसमध्ये न बसता ते शहर आपलं आपण बघता येतं का? आम्ही दोघं गेल्या वर्षी हिवाळ्यात कोचीला असे उतरलो होतो. तेवढंच सांगणार आहे. लक्षद्वीप सुंदर आहे, पण त्याचे फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर पाहिलेतच.

जहाज कोर्डेलियाचं, नाव एम्प्रेस. मुंबईहून कोची, तिथून लक्षद्वीप आणि परत मुंबई. देशातल्या देशात असल्यामुळे पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड चालतं. बोट लागेल म्हणून सौ. आवळासुपारीचं पाकीट घेऊन आली होती, ते न फोडताच परत आलं. जहाजात पिण्याच्या पाण्याची रेलचेल. मुंबईचं पाणी म्हणजे तानसा-भातसाचं, म्हणजे आपल्याच शहापूर तालुक्याचं. धरणं आपली आणि उन्हाळ्यात टँकरही आपल्याच पाड्यांवर, हे तिथे पोहायचा तलाव बघताना आठवल्याशिवाय राहिलं नाही. असो.

कोचीला पोचायच्या आदल्या रात्री खोलीत कागद आला. सकाळी आठला जहाज लागणार, दुपारी चारला सर्वांनी आत. जहाजातर्फे बसची सहल होती. पुण्याहून मुलाचा फोन: "बाबा, बसनेच जा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उगाच धाडस नको." त्याचंही खरं होतं. जहाजाने नेलेली बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी खोळंबतं. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर ते निघून जातं आणि पुढचा खर्च तुमचा. त्यातून आमचं पुढचं ठिकाण लक्षद्वीप. तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही आणि विमान उतरतं ते फक्त अगत्तीला. म्हणजे जहाज चुकलं तर मागून गाठणं जवळजवळ अशक्य.

पण गुडघ्याचं कारण मला उलट बाजूने दिसत होतं. बसच्या सहलीत चाळीस माणसं चढणार, उतरणार, गाइडच्या छत्रीमागे धावणार. जिला दर वीस मिनिटांनी बसावं लागतं तिने काय करायचं? बसमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी येऊन सांगायचं, काकू, छान होतं हो! मागच्या एका सहलीत तिने हे तीनदा केलं होतं. यावेळी ती स्पष्ट म्हणाली, "बसमध्ये बसून बघायचं असेल तर मी जहाजावरच बसते." मग ठरवलं, स्वतःच जायचं.

आणि मंडळी, वेळेच्या बाबतीत आपल्याला कोण शिकवणार? आसनगावहून तीस वर्षं लोकल पकडलेली माणसं आपण! ही कसारा गाडी गेली की पुढची कधी आणि ती कुठे रखडणार, याचा हिशोब झोपेतही चालू असतो. मुरबाडकरांना तर रेल्वे अजून येतेच आहे, त्यांचा हिशोब एसटीचा आणि तो आणखी कडक. मी कागदावर आठ तास मांडले आणि त्यातले दोन आधीच बाजूला काढले. बँकेत शंभरातले काही रुपये रिझर्व्ह बँकेकडे ठेवावेच लागतात. त्यावर व्याज मिळत नाही, तरी कोणी हात लावत नाही. तसे हे दोन तास. दोनच्या ठोक्याला परतीला लागायचं, मग समोर काही का असेना. आणि अगदीच चुकलं तर? एर्नाकुलमहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस निघते, ती पनवेल-कल्याणवरून नाशिककडे जाते. आपल्या आसनगावातून ती न थांबता धडधडत जाते, तीच गाडी. कल्याणला उतरलं की घरीच आलो. हे सौ.ला सांगितल्यावर ती निश्चिंत झोपली. मुलाला मात्र सांगितलं नाही.

जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. हे बेट निसर्गाने केलेलं नाही. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२० च्या दशकात बंदरासाठी खाडी खोल केली आणि निघालेल्या गाळाची भर घालून ही जमीन उभी केली. बेटावरून फोर्ट कोची समोर दिसतं, पण रस्त्याने तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा पडतो. गेटाबाहेर रिक्षा उभ्या होत्या. घासाघीस करण्यापेक्षा मी चालकाला जहाजाचा कागद दाखवला आणि चारच्या आकड्यावर बोट ठेवलं. तो हसला. रोज तेच बघतो बिचारा.

बसची सहल आधी फोर्ट कोचीला जाते. आम्ही उलटं केलं, आधी मट्टानचेरी. कारण तिथलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, परदेशी सिनेगॉग, दुपारी दोन तास बंद असतं. शनिवारीही बंद. आणि शेजारचा राजवाडा शुक्रवारी बंद. तुमची बोट कुठल्या वारी लागते ते आधी बघा, नाहीतर दाराचे फोटो काढून परत यावं लागेल.

सिनेगॉग १५६८ सालचं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, सगळ्या हाताने रंगवलेल्या. सौ. बाकावर वीस मिनिटं निवांत बसली आणि एकसारख्या दोन फरश्या शोधत राहिली. बसवाले आले, बघून गेले, ही तिथेच. मला आमच्या ठाण्याच्या शाखेतले खातेदार आठवत होते: पेणकर, रोहेकर, अष्टमकर. अस्सल कोकणी आडनावं, घरात मराठी आणि शनिवारी प्रार्थनेला ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये. आपल्या बेने इस्रायल मंडळींना कोकणात शनवार तेली म्हणत. कोचीच्या ज्यूंनी येऊन त्यांना धर्मविधी शिकवले, असं त्यांच्याकडे सांगतात. इस्रायल झाल्यावर दोन्हीकडची बहुतेक माणसं तिकडे गेली.

राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव डच पॅलेस. भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. जिना आहे, तो सावकाश चढलो. घाई कुणाला होती?

खरी गंमत पुढे झाली. मिरी-सुंठीच्या वखारी मागे टाकून रिक्षा चेरलाई भागात आली आणि आम्ही चहाला थांबलो. गल्ल्यावरचे गृहस्थ आतल्या बाईंशी काहीतरी बोलले आणि सौ.ने मान वर केली. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. त्यांची कोकणी होती! शब्द जरा वेगळे, हेल मल्याळीकडे झुकलेला, पण कोकणीच. ही मालवणीत बोलली, ते कोकणीत बोलले आणि मी मुरबाडचा माणूस मध्ये गप्प. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेली ही सारस्वत घराणी. इथे येऊन व्यापार केला, तिरुमला देवस्थान उभारलं आणि चारशे वर्षांहून अधिक काळ घरात भाषा जपली. आपली मुलं पुण्याला गेली तर नातवंडं मराठीत धड पंधरा वाक्यं बोलत नाहीत. आतल्या बाई बाहेर आल्या, गुडघ्याची चौकशी झाली, माशाच्या आमटीत काय काय घालतात यावर पंधरा मिनिटं गेली. हे कुठल्याच सहलीच्या कागदावर नव्हतं. घड्याळ मी बघत होतो, पण बोललो नाही.

फोर्ट कोचीला चिनी जाळी. मोठ्या लाकडी सांगाड्याला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. चार-पाच माणसं मिळून ते पाण्यातून वर उचलतात. मासे थोडेच आले. मग सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. चौदा वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले, आता रिकामी जागा दाखवतात. छताला कापडी पंखे आहेत, त्यांच्या दोऱ्या बाहेर बसून ओढत असत. बाहेर उन्हात बसणाऱ्याला वारा कोण घालत होतं, हे लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, या बंदराचा आपल्याशी काय संबंध? कोचीचं बंदर मोठं झालं ते १३४१ च्या पुरानंतर. त्याआधीचं मोठं बंदर उत्तरेला, मुझिरिस. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात मुझिरिस आहे आणि आपलं कल्याणही आहे. कल्याणला उतरलेला माल वर जुन्नरला जायचा तो मुरबाडवरून, वैशाखऱ्यापुढच्या नाणेघाटाने. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, त्यात दानाच्या गाई आणि कार्षापणं आकड्यांत मांडली आहेत. बँकेच्या माणसाला तो लेख बघून बरं वाटतं. म्हणजे मिरीच्या व्यापाराचं एक टोक तिकडे आणि एक वाट आपल्या तालुक्यातून. आपण मात्र नाणेघाटात पावसाळ्यात भजी खायला जातो.

दोन वाजले. मी रिक्षाकडे वळलो तर सौ. म्हणाली, "आलो तोच रस्ता परत कशाला? बोटीने जाऊ." फोर्ट कोचीहून एर्नाकुलमला सरकारी बोट जाते, तिकीट चहापेक्षा स्वस्त. (२०२३ पासून कोचीत वॉटर मेट्रो आहे, आता तीही फोर्ट कोचीला येते.) पण धक्क्यावर रांग होती. ही बोट चुकली तर पुढची, तिथून पुन्हा रिक्षा, पूल, गेटावरची तपासणी. मनात बेरीज केली: सगळं बिघडलं तरी सव्वातीन. राखीव दोन तास होतेच. म्हटलं चल. रिक्षावाल्याचे पैसे दिले, पहिली बोट भरून गेली, दुसरीत खिडकीजवळ जागा मिळाली. विलिंग्डन बेटाला वळसा घातला आणि समोर आमचंच जहाज, दहा मजली इमारतीसारखं. त्याच्यासमोरून आम्ही डब्याएवढ्या बोटीतून चाललो होतो आणि सौ. वर कठड्याशी उभ्या लोकांना हात करत होती.

तीनला दहा मिनिटं कमी असताना गेटात होतो. बसवाले आमच्यानंतर आले. खर्च बसच्या सहलीच्या तिसऱ्या हिश्शात झाला, चहा आणि मिरी धरून.

ज्यांना जायचं आहे त्यांनी तीन गोष्टी खिशात ठेवाव्यात: जहाजाचं कार्ड, आधार आणि जहाजाच्या एजंटचा त्या बंदरातला फोन नंबर. तो रोजच्या कागदावर छापलेला असतो. परदेशी बंदर असेल तर घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, किनाऱ्याच्या नव्हे. कोचीचा नकाशा माझ्याकडे आहे, त्यावर चहाच्या दुकानाला सौ.ने लाल पेनाने खूण केली आहे. हवा असेल त्याने घेऊन जावा. मात्र वहीत सही करून न्यावा आणि परत आणून द्यावा.