120 खाती आणि एक न दिसणारं अक्षर

आज माझीच एक फजिती सांगतो. मी अमरावतीच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळायचो. 60 मशीन, सगळ्यांवर लिनक्स.

लॅबमध्ये प्रत्येकाचं नेटवर्कवर खातं लागतं. पोरगी आज खिडकीजवळच्या मशीनवर बसो की उद्या दाराजवळच्या, तिचा प्रोग्रॅम तिला दिसला पाहिजे. आम्ही खाती एका सर्व्हरवर उघडायचो आणि एनआयएस नावाची जुनी सोय ती बाकी मशीनना कळवायची. (आज नवी लॅब लावत असाल तर एनआयएसच्या नादी लागू नका, एलडॅप घ्या. आमच्याकडे होतं ते आम्ही चालवत होतो.)

पहिल्या वर्षी सगळी खाती हातानं उघडली. नावावरून युजरनेम केले आणि तिथंच फसलो. आपल्या वऱ्हाडात एका वर्गात तीन वानखडे अन् चार देशमुख ठरलेलेच. त्यात एक वानखडे इंग्रजीत डब्ल्यूनं लिहितो, दुसरा व्हीनं! मग ठरवलं, युजरनेम म्हणजे शाखेचं अक्षर, प्रवेशाचं वर्ष आणि रोल नंबर. अक्षर आधी, कारण आकड्यानं सुरू होणारं युजरनेम लिनक्सवर त्रास देतं. शाखा आणि वर्षाप्रमाणे ग्रुप केले.

पुढच्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेसाठी 120 कोरी खाती हवी होती. म्हटलं, आता स्क्रिप्टच लिहू. ऑफिसकडून एक्सेलची यादी घ्यायची, सीएसव्ही करायची, स्क्रिप्टनं एकेक ओळ वाचायची. यूजरॲड खातं उघडतो, सीएचपासवर्ड पासवर्ड लावतो. दहा ओळींचं काम. आधी तीन ओळींची यादी स्वतः टाइप करून तपासलं, तिन्ही खात्यांत लॉगिन झालं. रात्री पूर्ण यादी सोडली. एकही एरर नाही. मी घरी जाऊन मस्त झोपलो.

सकाळी बाहेरचे परीक्षक खुर्चीत बसलेले, आणि लॅबभर एकच आवाज, "सर, घेऊनच नाही राह्यलं ना!" कॅप्स लॉक पाहिला. चिठ्ठी हातात घेऊन मी स्वतः पासवर्ड टाकला. नाही! मागच्या रांगेतली एक पोट्टी तर रडायलाच आली.

माझी तीन खाती मात्र चालत होती. म्हणजे घोळ यादीत. कॅट कमांडला मोठा ए लावून यादी उघडली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टोपी आणि एम. हे कॅरेज रिटर्न. टेलिप्रिंटरच्या काळात ओळ संपली की डोकं डावीकडे आणायची एक खूण आणि कागद वर सरकवायची दुसरी. विंडोज आजही दोन्ही लिहितं, लिनक्सला दुसरी एकटीच पुरते. माझ्या यादीत पासवर्ड शेवटच्या रकान्यात होता, म्हणून ती पहिली खूण प्रत्येक पासवर्डला चिकटली. स्क्रीनवर ती दिसत नाही, आणि कीबोर्डवरून पासवर्डात टाकताही येत नाही, कारण एंटर दाबलं की लॉगिनच होतं. मी तीन ओळी लिनक्सवरच टाइप केलेल्या, म्हणून तपासणी पास!

टीआर कमांडनं ती खूण काढली, पासवर्ड पुन्हा लावले. मिनिटभराचं काम. पण शोधण्यात 25 मिनिटं गेली होती. परीक्षकांनी तेवढा वेळ वाढवून दिला, भला माणूस. ती पोट्टी पेपर संपवूनच उठली.

पुढं तीच स्क्रिप्ट एका मित्रासाठी अकोल्याला घेऊन गेलो. तिथल्या यादीत आडनावानंतर स्वल्पविराम होता, त्यामुळे रकाने सरकले आणि ग्रुपच्या जागी पोरांची नावं आली. यूजरॲड लगेच ओरडला, असा ग्रुपच नाही म्हणून. मला तर आनंदच झाला. ओरडणारी चूक परवडते बाबा!

अजूनही अकोल्याहून त्याचा फोन आला की मी आधी विचारतो, यादी कोणी बनवली, आणि कोणत्या मशीनवर?