आहारातील सातत्याचे अर्थशास्त्र



आरोग्यासाठी आहार बदलण्याचा संकल्प करणे सोपे असते. तो वर्षानुवर्षे टिकविणे कठीण असते. रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले की ताटात भाज्या, उसळी, भाकरी आणि फळे यांचे प्रमाण वाढते. तपासणीचे आकडे सुधारले की काही महिन्यांतच ताट पूर्वपदावर येते. या अपयशाचे खापर सहसा व्यक्तीच्या मनोनिग्रहावर फोडले जाते. परंतु किंमत, वेळ आणि उपलब्धता हे तिन्ही घटक विरोधात असतील, तर केवळ निग्रहाच्या बळावर कोणताही आहार दीर्घकाळ टिकत नाही. आहारातील सातत्य हा म्हणूनच अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित आहे. परिषदेच्याच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. राष्ट्रीय आरोग्य लेखे २०२१-२२ नुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांना स्वतःच्या खिशातून करावा लागला. मधुमेहासारखा आयुष्यभराचा आजार कुटुंबाची बचत आणि मुलांच्या शिक्षणावरील खर्च यांवरही परिणाम करतो.

वनस्पतीप्रधान आहार भारताला नवा नाही. मात्र मांसाहार सोडला म्हणजे आहार आरोग्यदायी झाला, हे समीकरण फसवे आहे. मैद्याची बिस्किटे, तळलेले वेफर्स आणि साखरयुक्त शीतपेये हीदेखील वनस्पतिजन्यच आहेत. उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरीच्या दैनंदिन आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. प्रत्यक्षात बहुसंख्य ताटांत भात किंवा पोळीचा वाटा मोठा आणि डाळी-भाज्यांचा लहान असतो. कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण २०२२-२३ नुसार शहरी भागात तृणधान्यांवर एकूण उपभोग खर्चाच्या ३.६४ टक्के खर्च झाला, तर पेये, प्रक्रियायुक्त पदार्थ व बाहेरचे तयार अन्न यांवर १०.६४ टक्के. ग्रामीण भागात हेच प्रमाण अनुक्रमे ४.९१ आणि ९.६२ टक्के होते. तयार पदार्थांकडे असलेला हा कल केवळ शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

सातत्य का टिकत नाही, याची तीन प्रमुख कारणे आहेत. पहिले कारण काळाचे. पथ्याचा त्रास आज होतो, लाभ मात्र दहा-वीस वर्षांनी मिळतो. आणि तो लाभ म्हणजे न झालेला आजार, जो डोळ्यांना दिसत नाही. वर्तमानातील सुखाला अवाजवी महत्त्व देण्याची ही प्रवृत्ती वर्तनवादी अर्थशास्त्रात सविस्तर अभ्यासली गेली आहे. दुसरे कारण किमतींचे. तूरडाळीने २०१५ मध्ये आणि टोमॅटोने २०२३ च्या जुलैमध्ये दाखविल्याप्रमाणे डाळी व भाज्यांच्या दरांत तीव्र चढउतार होतात. अल्प उत्पन्नाचे कुटुंब अशा वेळी प्रथम त्यांनाच कात्री लावते. तिसरे कारण वेळेचे. कडधान्ये भिजविणे, मोड आणणे, भाज्या निवडणे, भाकऱ्या थापणे यांस श्रम लागतात. वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ नुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. आहारबदलाचा सारा भार एकाच व्यक्तीच्या विनामोबदला श्रमांवर पडत असेल, तर तो टिकण्याची शक्यता कमीच असते.

यावर उपाय काय? रोज नव्याने निर्णय घेण्याची गरज जितकी कमी, तितके सातत्य अधिक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस असा बदलत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसून आले. म्हणून ‘तळलेले कधीच खाणार नाही’ या प्रतिज्ञेपेक्षा ‘दुपारच्या जेवणात रोज एक वाटी उसळ’ हा नियम अधिक टिकाऊ ठरतो. वसतिगृहाच्या भोजनालयात आठवड्याचा आहार आधीच ठरविणे, घरात कामांची वाटणी करणे, हंगामी व स्थानिक भाज्यांना प्राधान्य देणे हे कमी खर्चाचे मार्ग आहेत. त्याचबरोबर शास्त्रीय दक्षताही हवी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून पुरेसे मिळत नाही. त्यासाठी दूध-दही अथवा वैद्यकीय सल्ल्याने पूरक मात्रा आवश्यक ठरते. डाळी व पालेभाज्यांतील लोह लिंबू-आवळ्यासारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांबरोबर अधिक शोषले जाते, तर जेवणालगतच्या चहामुळे कमी. ही काळजी न घेतल्यास अशक्तपणा येतो आणि दोष मात्र आहाराला दिला जातो.

व्यक्तीचा निर्णय सोपा करण्यात धोरणाचाही वाटा असतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ मध्ये तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्यांचाही समावेश आहे. तरी व्यवहारात वितरण प्रामुख्याने पहिल्या दोन धान्यांचेच होते. जे शिधापत्रिकेवर सहज मिळते, तेच ताटात येते. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्य अभियान सुरू केले आणि नाचणीची शासकीय खरेदी करून ती शिधावाटपात आणली. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. डाळींच्या स्वयंपूर्णतेसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ११,४४० कोटी रुपयांच्या सहा वर्षांच्या अभियानास मंजुरी दिली. शालेय पोषण आहारात प्राथमिक स्तरावरील प्रत्येक बालकासाठी २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाज्यांची तरतूद आहे. बालपणी लागलेली चव पुढे टिकण्याची शक्यता अधिक असते. अशा योजनांचे मूल्यमापन करताना उत्पादन व वितरणाच्या आकड्यांबरोबर प्रत्यक्ष ताटात काय बदल झाला, हेही तपासले पाहिजे.

सारांश, हितकर आहार हा दररोजचा त्याग वाटत राहिला, तर तो अल्पायुषी ठरतो; तोच स्वस्त, सुलभ आणि रुचकर असा नेहमीचा पर्याय झाला, तर निग्रहाची फारशी गरजच उरत नाही. आज अभ्यासिकेत बसलेल्यांपैकी काहीजण उद्या शिधावाटप, शालेय भोजन आणि बाजारपेठा यांविषयीचे निर्णय घेतील. नागरिकांना संयमाचा उपदेश करण्यापूर्वी योग्य अन्न त्यांच्या आवाक्यात आहे काय, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला पाहिजे.