बोनसने गडी उठत नाही



वसंत ऋतूत संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जाण्याची पुणेकरांची सवय न्यायमूर्ती रानड्यांच्या काळची, १८७५ पासूनची आहे. अशा मेळ्यात बोलायला विद्वान लागतो. आम्ही विद्वान नव्हे. आमचा जन्म बुधवार पेठेतल्या एका वाड्यात झाला, शाळा दहावीपाशी सुटली, आणि पुढचे शिक्षण अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांवर व कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. कामगार संघटनेचे काम करताना केस पांढरे झाले. तेव्हा आम्ही कबड्डीवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी भुवया उंचावल्या, यात नवल नाही. परंतु जो पोटासाठी खेळतो तोही कामगारच. आणि त्याच्या संघातही जुना गडी व नवा गडी हा प्रश्न आहेच. आज त्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

आधी खेळाचा नियम पाहू. पूर्वी या खेळाचे निरनिराळे प्रकार होते. 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. 'संजीवनी'त तसे नव्हते. सोबत्याने समोरचा गडी टिपला, की आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा मैदानात येई. आजच्या कबड्डीने ही संजीवनी उचलली आहे. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने उठतात. त्यात वय विचारीत नाहीत, मानधन विचारीत नाहीत. चाळिशीचा गडी बाहेर बसला असेल, तर त्याला उठवणे हे विशीच्या पोराच्या हाती असते. आणि पोर बाहेर असेल, तर म्हाताऱ्याच्या पकडीवर त्याचा जीव अवलंबून असतो. दुसऱ्या कोणत्या खेळात हे इतके उघड दिसते ते आम्हाला ठाऊक नाही.

१९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला प्रथम पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्णपदक आणले. त्याच वर्षी आम्ही चिंचवडच्या बाजूच्या एका कारखान्यात कामाला लागलो आणि कारखान्याच्या संघात घेतले गेलो. त्या दिवसांत रेल्वे, बँका, पोलीस, मोठे कारखाने यांचे संघ असत. खेळामुळे नोकरी लागे आणि नोकरीमुळे खेळ टिके. आमच्या कप्तानांना सगळे अण्णा म्हणत. ते डावा कोपरा सांभाळीत, त्यांच्या शेजारी आम्ही. साखळीत हातात हात धरलेला असतो. अण्णांनी पंजा दाबला की थांबायचे, सैल सोडला की झेप घ्यायची. बोलणे नाही, डोळे नाहीत. सगळी विद्या तळहातातून येई.

पण हे चित्र फार गोड करून सांगणे खोटे होईल. बसमध्ये पुढच्या जागा जुन्यांच्या, पिशव्या उचलायच्या नव्यांनी. 'दम नाही तुमच्यात, नुसत्या उड्या' असे अण्णा म्हणत, आणि 'यांचे गुडघे वाजतात, जागा मात्र सोडवत नाही' असे आम्ही मागे बसून म्हणत असू. एका सामन्यात अण्णा पहिल्याच पाच मिनिटांत बाद झाले आणि रेषेबाहेर बसले. ज्या पोराला ते सकाळी सगळ्यांदेखत बोलले होते, त्यानेच दोन चढायांत तीन गडी टिपून त्यांना उठवले. अण्णा आत आले आणि पोराच्या पाठीवर एक थाप मारली. पुढच्या हंगामात त्यांनी आपला कोपरा त्याच पोराला दिला. स्वतः बाहेर उभे राहून त्याच्या पावलांकडे बोट दाखवीत राहिले. कोपरा सोडताना त्यांना किती लागले असेल, ते आम्हाला पन्नाशी ओलांडल्यावर कळले.

आता कारखान्यांचे संघ विरळ झाले आणि २०१४ पासून व्यावसायिक लीग आली. गडी लिलावात विकत घेतले जातात. पहिल्या वर्षी सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले. २०२३ च्या लिलावात आपल्या पुण्याच्या पलटणीने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच लिलावात 'ड' वर्गाची बोली ९ लाखांपासून सुरू होत होती. एकाच साखळीत हात गुंफणाऱ्या दोघांच्या दामात केवढे हे अंतर! लिलाव हा शब्द आमच्या कानाला खटकतो, आणि तो खटकावा असेच आम्हाला वाटते. तरीही त्या बाजारातसुद्धा संघ उभा राहतो तो कशाने, हे पाहण्यासारखे आहे.

करोनाच्या काळात, २०२१-२२ च्या हंगामात, सर्व संघ बंगळुरूला एका जागी कोंडलेले होते. सामन्यांना प्रेक्षक नव्हते. पलटणीत नितीन तोमर, राहुल चौधरी अशी गाजलेली नावे होती. भार वाहिला तो मात्र असलम इनामदार आणि मोहित गोयत या पहिल्याच हंगामातल्या पोरांनी. त्यांना मैदानात उतरवणारा प्रशिक्षक होता अनुप कुमार, २०१६ च्या विश्वचषकाचा भारताचा कप्तान. पुढच्या हंगामात फजल अत्राचली कप्तान होऊन आला. ज्या इराणने २०१८ च्या आशियाई खेळांत भारताला उपांत्य फेरीत हरवले, त्या संघातला हा गडी पुण्याच्या पोरांचा वडीलधारा झाला. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून २९-३३ असा हरला. त्यानंतर फजल दुसऱ्या संघात गेला, कप्तानपद तरुण असलमकडे आले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणीने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या दिवशी सर्वांत जास्त, नऊ गुण आणले पंकज मोहितेने. तो २०१९ पासून पलटणीत होता.

पुढची गोष्ट बाजाराची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अंतिम सामना आपल्या बालेवाडीत झाला. शादलुई तेव्हा हरियाणाकडून खेळत होता, आणि करंडक हरियाणाने नेला. २०२५ च्या अंतिम सामन्यात असलमच्या पलटणीला दिल्लीने ३१-२८ असे हरवले, आणि दिल्लीच्या संघात कोण होता? तेहतिशीतला फजल! जुना गडी संपला असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि विद्या दिली म्हणजे आपली गादी गेली असे मानणाऱ्यांनीही ठेवावे. ज्यांनी शिकवले त्यांच्या पदरात कमीपणा आला नाही.

श्रोतेहो, आता जे सांगायचे आहे ते सांगताना जीभ जड होते. २००४ साली आमच्या कारखान्यात करार झाला. वाटाघाटीला आम्ही बसलो होतो. व्यवस्थापन म्हणाले, जुन्या कायम कामगारांना पगारवाढ देतो, यंदा बोनसही वाढवून देतो. मात्र यापुढे नवी पोरे शिकाऊ म्हणून, कमी पैशांत, सात-सात महिन्यांसाठी घेऊ. आम्ही म्हटले, हातचे तरी राखू. सही केली. दिवाळीला घरोघर आनंद झाला, फाटकापाशी आम्हाला हार घातले गेले. व्यवस्थापनाला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकतो; पण सही आमची होती.

दोन वर्षांनी कबड्डीचा संघ पुन्हा बांधावा म्हणून आम्ही शिकाऊ पोरांना बोलावले. त्यांतला एक चपळ पोरगा होता. डावा कोपरा जणू त्याच्यासाठीच केलेला. तो शांतपणे म्हणाला, "काका, करारात आम्ही तुमचे नव्हतो. मग मैदानात तुमचे कसे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. संघ झाला नाही. पुढच्या करारात आम्ही पहिली मागणी शिकाऊंना कायम करण्याची ठेवली. आमच्याच वयाच्या सोबत्यांनी शिव्या घातल्या, एका निवडणुकीत पाडलेही. सगळे साधले नाही. थोडी पोरे कायम झाली. तो पोरगा तोवर निघून गेला होता.

कबड्डीत आणखी एक नियम आहे. समोर सहा किंवा अधिक गडी असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला, तर बोनस गुण मिळतो. फलकावर आकडा वाढतो, टाळ्या पडतात. परंतु त्या गुणाने बाहेर बसलेला गडी उठत नाही. तो बसलेलाच राहतो. नियम लहान आहे. आम्ही तो पोरपणापासून जाणत होतो, आणि तरीही त्या टेबलाशी बसून विसरलो.

आपणांपैकी कोणी तुळशीबागेत दुकान चालवीत असतील, कोणी तपकीर गल्लीत, कोणी गणपती मंडळाचे कार्यकर्ते असतील, कोणी बँकेतून निवृत्त झालेले असतील. तिथेही जुने आणि नवे आहेतच. जुन्यांनी नव्यांवर प्रेम करावे, नव्यांनी जुन्यांचा मान राखावा, असा उपदेश करायला आम्ही आलेलो नाही. प्रेम आणि मान मागून येत नाहीत. एकाच्या गुणाने दुसरा उठेल अशी व्यवस्था असली, की ते मागाहून आपोआप येतात. नसली, तर सहलीने, सत्काराने, भेटवस्तूने काही होत नाही. म्हणून घरी जाताना एवढेच मनाशी विचारावे: आपल्या ठिकाणी रेषेबाहेर कोण बसला आहे, आणि आपण मिळवलेल्या गुणाने तो उठतो की नाही?