अंगणात झाड लावू की झुडूप?

पाऊस तोंडावर आलाय. रोपं आणायचे हेच दिवस. म्हणून आज आम्ही गटातल्या बायका अंगणातल्या फुलझाडांविषयी बोलणार आहोत. आधी आमची चूक सांगतो.

१२ वर्षांपूर्वी आमच्या गटानं घरटी एक गुलमोहर लावला. रोप वीतभर, म्हणून भिंतीपासून चार हातांवरच खड्डे घेतले. लाल फुलांनी आळी शोभली खरी. पण गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात आणि फांद्या ठिसूळ. गेल्या वळवात एक फांदी आमच्यातल्या एकीच्या घरावर पडली. पत्रा फाटला तो नेमका पाळण्याच्या वर. लेकरू तेव्हा शेजारी होतं, म्हणून वाचलं. त्या रात्री तिच्या ओट्यावर बसल्यावर आमच्या ध्यानात आलं, रोप घेताना आम्ही फक्त फुलाचा रंग विचारला होता. मोठं होऊन ते केवढं होईल, हे कुणीच विचारलं नव्हतं.

आता आम्ही तीन गोष्टी बघतो.

पहिली, जागा. गुलमोहर ३०-४० फूट पसरतो, बहावा साधारण २० फूट. पारिजातक लहान, त्याला ८-१० फूट पुरतात. जास्वंद, तगर ही झुडपं ४-५ फुटांत मावतात आणि छाटून आवरता येतात.

दुसरी, काम. सावली हवी असेल तर झाडच हवं, तेही घराच्या पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडतं. न्हाणीला किंवा रस्त्याकडून आडोसा हवा असेल तर मेंदीची नाहीतर अडुळशाची रांग लावा. अडुळशाला शेळी सहसा तोंड लावत नाही.

तिसरी, अंगणात वावरतं कोण? पिवळी कण्हेर दिसायला देखणी, पाणीही कमी मागते. पण तिच्या बिया जहाल विषारी, थेट हृदयावर घाव घालतात. लाल कण्हेरीच्या पाल्यानं शेळ्या, गुरं दगावतात. लेकरं आणि जनावरं असलेल्या अंगणात दोन्ही नकोत. चुकून एखाद्या लेकरानं बी खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि ते फळही सोबत न्या.

शेवटी आमची साधी युक्ती. खड्डा घेण्याआधी त्या जागी खुंटी ठोका. झाड जेवढं पसरणार त्याच्या निम्मी दोरी खुंटीला बांधा आणि राखेनं रिंगण आखा. रिंगणात भिंत, पत्रा किंवा विजेची तार आली, तर तिथं झाड नको, झुडूप लावा.

त्या मैत्रिणीच्या दारात आता जास्वंद आहे. बहावा आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या परड्याच्या टोकाला लावला. त्याचं रिंगण आखताना दोरी तिनंच धरली होती.