फी माफ झाली, जेवणाचे काय?

महाविद्यालयीन अध्यापकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. अध्यक्षाने अभ्यासक्रमावर किंवा नव्या शैक्षणिक धोरणावर बोलावे, असा रिवाज आहे. मला आज फीविषयी बोलायचे आहे, आणि त्याहून अधिक मेस आणि खोलीविषयी.

जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हा मोठा निर्णय आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण गेवराई किंवा जतहून पुण्याला आलेल्या मुलीला विचारा. कॉट बेसिसवरची जागा, तिचे डिपॉझिट, दोन वेळची मेस, गावी जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे हे सगळे माफीच्या बाहेर आहे. निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. पंजाबराव देशमुखांच्या नावाने आहे, स्वाधार आहे. पण मेसवाला पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागतो आणि भत्ता खात्यात पडेपर्यंत अनेकदा सत्र संपते. मधले महिने बाप कुठून तरी हातउसने घेऊन काढतो. त्या उसनवारीची नोंद महाडीबीटी पोर्टलवर कुठेच होत नाही.

आपल्या पूर्वसुरींना ही अडचण नेमकी कळली होती. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले, त्यांचे महाविद्यालय आले ते 1947 मध्ये. आधी मुलाच्या पोटाची आणि निवाऱ्याची सोय, मग वर्ग, हा त्यांचा क्रम होता. बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपण तो क्रम उलटा केला आणि वसतिगृह ही वरची सोय मानू लागलो.

दुसरी गोष्ट बोलायला मला जड जाते, कारण ती आपल्याच इमारतींत घडते आहे. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हा सरकारी आणि खासगी यांच्यातली रेघ स्पष्ट तरी होती. आज ती आपल्या वर्गांच्या मधून जाते. एकच फाटक, एकच ग्रंथालय. बी.ए.ची तुकडी अनुदानित, शेजारची बी.सी.ए. विनाअनुदानित, तिची फी कित्येक पटींनी जास्त आणि शिकवणारे बहुधा तासिका तत्त्वावरचे. ज्या पदवीनंतर नोकरीची थोडी आशा आहे, तीच नेमकी गरिबाला परवडू नये, हे मला अन्यायाचे वाटते. शासन नव्या तुकड्यांना अनुदान देत नाही, संस्था म्हणते आमचा नाइलाज आहे, आणि आपण अध्यापक मान खाली घालून प्रवेश अर्ज तपासतो. कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करा असे सांगितले होते. तो आकडा देशाने अजून गाठलेला नाही. त्या तुटीचा हिशेब आज पालक चुकता करत आहेत.

दुपारच्या सत्रात ठराव येणार आहे. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच मिळावा आणि अनुदानित महाविद्यालयांतील या विनाअनुदानित तुकड्या टप्प्याटप्प्याने अनुदानावर याव्यात, अशी मागणी त्यात आहे. त्यात मी एक भर सुचवतो. प्रत्येक महाविद्यालयाने गरजू मुलामुलींना पहिल्या तीन महिन्यांच्या मेसचे पैसे उचल म्हणून द्यावेत आणि भत्ता आला की ते वळते करून घ्यावेत. या निधीची पहिली वर्गणी आपण पूर्णवेळ वेतन घेणाऱ्यांनी घालावी. माझी मी सकाळीच कोषाध्यक्षांकडे दिली आहे. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांकडून मात्र एक रुपयाही घेऊ नये, एवढे ठरावात स्पष्ट लिहा.