टाकीच्या तळाशी



या टेबलावर मी एक काचेची बरणी ठेवली आहे. मागच्या रांगेतल्यांनी चहाच्या वेळी जवळ येऊन पाहावी. मासेमारीच्या एका ट्रॉलरच्या टाकीच्या तळातून हे काढलं आहे. वर पिवळसर, आरपार दिसणारं डिझेल. खाली बोटभर गढूळ पाणी. आणि दोघांच्या मधे ही तपकिरी साय. बरणी कलती केली तरी साय फाटत नाही, ओल्या कातड्यासारखी वळते.

आपण म्हणतो, डिझेलला शेवाळ धरलं. पण शेवाळाला उजेड लागतो, टाकीत तर मिट्ट काळोख. ही बुरशी आहे, सोबत यीस्ट आणि जिवाणू. त्यांचं जेवण डिझेलमध्ये, पण बिऱ्हाड पाण्यात. त्यांच्यामुळे आम्ल तयार होतं आणि टाकीच्या पत्र्याला खड्डे पडतात. काही जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. तळाचं पाणी काढताना सडक्या अंड्यांचा वास आला, तर समजा की मुक्काम जुना आहे.

हे पाणी येतं कुठून? १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस आठवा. बोट शाकारलेली, टाकी अर्धी. हवेच्या नळीतून पावसाळी दमट हवा आत जाते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब धरतात आणि ओघळून तळाशी बसतात. बोट हलत नाही, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. ऑगस्टमध्ये धक्क्यावर इंजिन झकास चालतं. मग खोल समुद्रात लाटा लागतात, तळ ढवळून निघतो आणि फिल्टर चोंदतो.

काही जण सगळा दोष २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेलला देतात. मला ते पटत नाही. त्यात बायोडिझेल मिसळलेलं असेल, तर ते पाणी जास्त धरून ठेवतं, हे खरं. पण पाणीच नसेल, तर कुठल्याही डिझेलवर ही साय धरत नाही.

उमेदीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. घाण टाकीतच मी जंतुनाशक ओतलं. जंतू मेले, पण त्यांचा गाळ जाणार कुठे? बोट भर समुद्रात बंद पडली, दुसऱ्या बोटीने दोर लावून तिला ओढत आणलं. नाखवा मला एका शब्दाने बोलला नाही. ते अजून मनाला लागून आहे. आधी पाणी काढा, टाकी उघडून पुसा, मगच औषध. तेही डब्यावर लिहिलेल्या मापात, हातमोजे घालून.

बंदीआधी टाकी भरून ठेवा, असं आपण सांगतो. पण दोन महिने एवढे पैसे डिझेलमध्ये अडकवणं किती नाखव्यांना झेपेल? ज्यांना झेपत नाही, त्यांची टाकी पूर्ण रिकामी करून, कोरडी करून बंद करा. अर्धी मात्र ठेवू देऊ नका. आणि जुलैअखेर इंजिनला हात लावण्याआधी तळातून एक बाटली काढून उजेडात धरा.

बोट बांधणारे मित्र समोर बसले आहेत, त्यांच्याकडे माझं मागणं आहे. ड्रेन कॉक अगदी तळात, सर्वांत खोलगट जागी बसवा, चार बोटं वर नको. आणि टाकीचं झाकण एवढं ठेवा, की माझा हात फडक्यासकट कोपरापर्यंत आत जाईल. दुपारच्या सत्रात याच दोन मापांवर बोलू या.